एवीला आठ पुरे होते

एवीनं मला जिन्यातच गाठलं आणि मिठी मारली. माझ्या एका हातात रद्दीची पिशवी, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या कचऱ्याची. त्यामुळे मला तिला धरताही येईना आणि दूरही करता येईना. "सात!" ती माझ्या कानात ओरडली. "अगं मासोळे, तुमची सात आली! मोनानं सांगितलं मला." गेली बारा वर्षं ती मला मासोळी म्हणते, कारण मी उत्तरेची, ब्रेमरहाफेनची; आणि समुद्रकाठचं माणूस न्यूर्नबर्गमध्ये कितीही वर्षं राहिलं तरी त्याच्या अंगाचा माशांचा वास जात नाही, असं इथल्या लोकांचं ठाम मत आहे. मी विचारलं, "तुमची?" विचारायला नको होतं. पण न विचारणं त्याहून वाईट दिसलं असतं, आणि काय कसं दिसेल याचा हिशेब माझ्या डोक्यात शब्दांच्या आधी पुरा होतो. एवीनं मिठी सोडली. "नऊ," ती म्हणाली. "तीन, तीन आणि तीन. कशी एका रांगेत उभी आहेत बघ, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही." ती हसलीसुद्धा. मग कठड्यावर हात ठेवून वर जाता जाता, माझ्याकडे न बघता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "माझ्यावर गेलीय. दुसऱ्या कुणावर जाणार?" आणि तिसऱ्या मजल्यावर तिचं दार लागलं. मी खाली अंगणात गेले, निळ्या डब्याचं झाकण उघडलं, आणि रद्दीऐवजी प्लास्टिक त्यात टाकलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. ते हात घालून बाहेर काढताना माझ्या लक्षात आलं की माझ्या तोंडून अजून 'अरेरे'सुद्धा निघालेलं नाही.

सात, आठ, नऊ हे आकडे मला एवीनंच शिकवले. मी जिथं वाढले तिथं मुलं सहावीपर्यंत एकत्रच बसायची, आणि नंतर कुठल्या शाळेत जायचं हे घरी ठरायचं. बंदरावर क्रेन चालवणाऱ्या माझ्या बापानं एका कागदावर एका ओळीत लिहिलं होतं, आमच्या मुलीला गिम्नाझिउममध्ये घाला, खाली सही. त्याला कुणी आकडा विचारला नाही. आपल्याला काही मिळालं आहे हेही मला तेव्हा कळलं नाही. माझी थेआ आणि एवीची मोना पहिलीत गेल्या त्या शरद ऋतूत एवीच्या स्वयंपाकघरात, खांद्यावर टॉवेल, डोकं ओलं, मी केस कापून घ्यायला बसले होते. एवीचा धंदाच तो. दिवसा दुकानात, संध्याकाळी निम्म्या बिल्डिंगची डोकी घरी. "अशी कशी गं तू निवांत?" कात्री माझ्या कानाजवळ वाजत होती, त्यामुळे मान हलवायची सोय नव्हती. "इथं चौथीतच फैसला. दहा वर्षांच्या पोरांचा. तीन विषय मोजायचे: जर्मन, गणित, परिसर. एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे बुडालं. तिन्हींची बेरीज सात आली की गिम्नाझिउम, पुढे विद्यापीठ, डॉक्टर-बिक्टर. आठ आली की रेआलशूले. ऑफिस, बँक, स्वच्छ हात. नऊ आली की मिटेलशूले." मी म्हटलं, मिटेल म्हणजे मधली ना? "नाव मधली," एवी म्हणाली, "आहे सगळ्यात खालची. आमच्या वेळी दुसरं नाव होतं, त्याची लाज वाटायला लागली म्हणून पाटी बदलली. वर्ग तेच, भिंती त्याच. मी तिथलीच." मग आरशातल्या मला तिनं कात्रीचं टोक दाखवलं. "मला सात नको. सात तुम्हा पुस्तकवाल्यांना लखलाभ. मला आठ पुरे. मोनाची आठ आली की मी या खिडकीतून ओरडेन."

त्यानंतर चार वर्षं मी तिची विद्यार्थिनी होते. प्रत्येक परीक्षेचा पेपर सहीसाठी घरी येतो आणि सही करून परत द्यायचा असतो, हे तिनं सांगितलं. चौथीत अशा वीस-बावीस परीक्षा होतात, त्यांतली एकेक धरून ठेवायची असते, हेही. वर्गाच्या झेलनर बाई नीटनेटक्या अक्षराला भुलतात, म्हणून समासात पट्टीनं रेघ मारायची. पालकसभेत पुढच्या रांगेत बसायचं पण पहिला प्रश्न आपण विचारायचा नाही. मी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे स्वागतकक्षात काम करते. दिवसभर लोकांची गुडघेदुखी तारखांच्या चौकोनांत बसवते. तरी शाळेच्या या चौकोनांपुढे मला काही सुचायचं नाही, आणि एवी, जिला स्वतःच्या नावाचं पत्र आलं की आधी माझ्याकडे वाचायला आणायची सवय, ती मला सगळं बोटांवर मोजून समजावायची. हे मला आवडायचं असं मी स्वतःला सांगत आले. आज डब्यापाशी उभी राहून खरं सांगायचं तर मला ते थोडं टोचायचं. मी गिम्नाझिउमवाली, माझ्या बापाच्या एका ओळीवर का होईना, पण गिम्नाझिउमवाली. आणि केस कापणारी बाई मला म्हणायची, "थांब, मासोळे, परत सांगते, हळू."

फेब्रुवारीत कार्निव्हलच्या सुट्टीआधी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या रीडल बाईंनी मला एक जाड पाकीट दिलं. त्यांचा मुलगा मागच्या वर्षी झेलनर बाईंच्याच वर्गात होता. "पाण्यावरचा पेपर आहे," त्या हळूच म्हणाल्या, "आणि आणखी दोन. बाई दर वर्षी तोच काढतात, नुसती तारीख बदलतात. मलाही असंच कुणीतरी दिलं होतं. पुढे कुणाला दाखवू नका हं, पसरलं की बाई बदलतील." घरी येऊन मी दार लावून पाकीट उघडलं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एक पाण्याचा थेंब होता, पायात रबरी बूट घातलेला, हातात दंडुका. पाणी ढगातून नळापर्यंत कसं येतं ते सहा पायऱ्यांत लिहा. पाणी संपत का नाही? खाली रीडलांच्या मुलाचं मागे कललेलं अक्षर आणि बाईंची लाल बरोबरची खूण. मी तो पेपर थेआला दाखवला नाही. हे मी आजही ठासून सांगेन, आणि सांगताना मला हसू येईल. मी फक्त त्यातले प्रश्न विचारले, तीन संध्याकाळी, ओळीनं, त्याच शब्दांत. तिसऱ्या संध्याकाळी मी पाणी प्यायला उठले तेव्हा कागद टेबलावर पालथा होता. परत आले तेव्हाही पालथाच होता, पण जरा जास्त सरळ.

त्याच आठवड्यात एवी मला तळघरात भेटली, कपडे वाळत घालायच्या खोलीत. तिनं तोंडात दोन चिमटे धरले होते. "पाण्याची परीक्षा आहे सोमवारी," ती चिमट्यांमधून म्हणाली. "मोनाला काही सुधरत नाहीये. विहीर म्हणते, ढग म्हणते, मधलं सगळं सांडतं. काही आलंय का गं तुझ्याकडे? मागच्या वर्षीचं? लोकांकडे असतं म्हणतात." मी एक उशीचा अभ्रा झटकला. "माझ्याकडे कुठून येणार? मी तर इथली परकी बाई." ती हसली, चिमटा पडला. "खरंच की. कुणाला विचारतेय मी!" आणि माझ्या चादरीचं दुसरं टोक धरून ती घडी घालू लागली. माझ्या परकेपणाचा असा उपयोग मी त्याआधी कधी केला नव्हता.

का नाही म्हटलं, याची कारणं मी नंतर बरीच जमवली. रीडल बाईंना शब्द दिला होता. एवीच्या पोटात काही राहत नाही; सोमवारपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं असतं. दोन मुलींची सारखीच उत्तरं बघून बाईंना संशय आला असता. तिन्ही कारणं दिसायला चांगली. फक्त बेरजेला बसत नाहीत. कारण इथं जागा मोजून दिलेल्या नसतात. मोनाची आठ झाली असती म्हणून थेआची सात काही आठ झाली नसती. कुणाच्या ताटातला घास कमी झाला नसता. देण्यात माझं काही जातच नव्हतं. तरी मी नाही म्हटलं, आणि म्हणताना मला छातीत एक छोटंसं, उबदार, लाजिरवाणं सुख वाटलं, ते मला आजही नेमकं आठवतं: चार वर्षांत पहिल्यांदा मला असं काही ठाऊक होतं जे एवीला ठाऊक नव्हतं.

सोमवारी थेआ घरी आली, ब्रेडवर चीज ठेवलं, आणि म्हणाली, "आई, थेंबाच्या पायात तेच बूट होते." मी म्हटलं, "असे थेंब सगळ्याच पुस्तकांत असतात." तिनं माझ्याकडे पाहिलं. दहा वर्षांच्या मुलीनं आपल्या आईला सोडून देताना जसं पाहावं तसं. मग तिनं ब्रेडचा घास घेतला आणि तो फार वेळ चावत राहिली. तिला एक मिळाला. मोनाला चार. थेआचा परिसर तीनवरून दोनवर आला, मोनाचा दोनच्या उंबऱ्यावरून तीनवर घसरला. त्यानंतर दोघी शाळेत एकत्र जायच्या, पण थेआ सकाळी बूट घालायला उशीर लावायची, आणि खाली गेल्यावर मोनाच्या अर्धा पाऊल मागे चालायची. खिडकीतून मला ते दिसायचं. मी त्याला थंडी म्हणत होते.

डब्यापासून वर आले तेव्हा माझा नवरा होल्गर स्वयंपाकघरात मे महिन्यातले पांढरे अ‍ॅस्परॅगस सोलत होता, इथं त्याला राजाची भाजी म्हणतात. सातचा सण करायचा म्हणून तो आज कामावरून लवकर निघाला होता आणि वाटेत शेतकऱ्याच्या गाडीवरून दोन किलो घेऊन आला होता. मी त्याला जिन्यातलं सांगितलं, मग तळघरातलंही. पाकिटाचं त्याला माहीत होतं, तळघरातलं नव्हतं. तो सोलणं न थांबवता म्हणाला, "आता कशाला उकरतेस? सगळेच करतात. रीडलबाईनं केलं, तिला जिनं दिलं तिनं केलं." मी म्हटलं, एवीनं नाही केलं. "तिला मिळालं नाही म्हणून नाही केलं." हे खरं होतं, आणि त्यानं काही हलकं झालं नाही. सालींचा ढीग वर्तमानपत्रावर वाढत होता. मला उगीच आन्त्ये आठवली. सहावीपर्यंत ती माझ्या बाकावर होती. मग माझ्या बापानं त्याची ओळ लिहिली, तिच्या बापानं काहीच लिहिलं नाही, आणि नाताळापर्यंत मला तिच्या घराचा नंबरही आठवेना. त्यात कुणाचा काही दोष नव्हता. तेच तर मी इतकी वर्षं धरून बसले होते, की या गोष्टी आपोआप होतात, पाणी उतारानं जातं तशा. माझ्या हातात कधी काही नव्हतंच.

दारावरची घंटा वाजली. एवी होती, हातात शाळेचा फॉर्म. होल्गरला तिनं लांबूनच "काय हो साहेब, राजाची भाजी!" म्हणून घेतलं, पण आत आली नाही. "ऐक ना. बाई म्हणाल्या, अजून एक रस्ता आहे. रेआलशूलेत तीन दिवसांची चाचणी असते, जर्मन आणि गणित, परिसर नाही. एक तीन आणि एक चार आणला तरी घेतात. दोन्ही चार आले तर मी सांगेन ते चालतं. शुक्रवारपर्यंत हे भरून द्यायचं." मी म्हटलं, मग भर की. "मी भरते गं. ती जात नाही म्हणते. म्हणते, मी मठ्ठ आहे, तीन दिवस परक्या शाळेत जाऊन परत मठ्ठ कशाला ठरू. पाण्याच्या पेपरापासून हेच. आठ दिवस घोकलं होतं तिनं, आणि चार आला. त्या दिवसापासून गणितही सुटलं." तिनं फॉर्म दाराच्या चौकटीवर टेकवून सरळ केला. "मी काय सांगणार तिला? मठ्ठ नाहीस म्हणून? मी त्याच शाळेतली. ती मला म्हणाली, तुला कसं कळणार, आई. तू ये वर. तू बोल. तुझं ऐकेल, तू शिकलेली."

मी पायातल्या सपाता न बदलताच निघाले. थेआच्या खोलीचं दार बंद होतं. जिन्यात, पहिल्याच पायरीवर, मी एवीला म्हटलं, "थांब." आणि सांगितलं. पाकीट, रीडल बाई, थेंब, तीन संध्याकाळी, तळघर. मला वाटलं होतं की सांगायला फार वेळ लागेल. सगळं मिळून एखादं मिनिट लागलं असेल. एवी कठड्याला धरून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग यायची मी वाट पाहत होते, जवळजवळ मागत होते, पण ती नुसती आकडेमोड करताना दिसली. तिचे ओठ हलत होते. "चारच्या जागी दोन जरी आला असता," ती म्हणाली, "तर परिसर दोन. तीन, तीन, दोन." ती थांबली. "आठ." मी मान हलवली. "आणि तू चादरीची घडी घालत होतीस," ती म्हणाली. "दुसरं टोक माझ्या हातात होतं." मी म्हटलं, एवी, मी... "मला नको सांगूस. माझं मी बघीन, केव्हातरी, कदाचित. वर चल आणि हे तिला सांग. जसंच्या तसं. आत्ता मला म्हणालीस ना, त्याच शब्दांत." तिनं मला मासोळी म्हटलं नाही.

मोना स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून वहीच्या शेवटच्या पानावर चौकोन काढत होती. चौकोनात चौकोन, पट्टी न वापरता. मी तिच्यासमोर बसले. ऑफिसात मी रोज चाळीस माणसांशी बोलते, पण दहा वर्षांच्या माणसाशी खरं कुठल्या आवाजात बोलायचं ते मला माहीत नव्हतं. मी सांगितलं. एवी ओट्याला टेकून उभी होती, हाताची घडी घालून, आणि मी जिथं जिथं शब्द मऊ केला तिथं तिथं तिनं तो परत कडक केला. मी म्हटलं, माझ्याकडे जुने प्रश्न होते, ती म्हणाली, "प्रश्न नाही, पेपर. तोच पेपर." मी म्हटलं, तुझ्या आईला सांगायचं राहून गेलं, ती म्हणाली, "राहून गेलं नाही. मी विचारलं, ती नाही म्हणाली." मोनाची पेन्सिल थांबली होती. "म्हणजे थेआला आधीच माहीत होतं काय येणार?" "हो." "सगळे प्रश्न?" "सगळे." "मला तो कागद मिळाला असता तर मलाही आलं असतं. सहा पायऱ्यांतल्या चार तर मला अशाच आल्या होत्या. कागद नसताना." मी म्हटलं, "आलं असतं. तुला कागदाशिवाय चार आल्या." "मग मी मठ्ठ नाही." तिनं हे विचारलं नाही, उत्तर पडताळून पाहावं तसं म्हटलं. "नाहीस," मी म्हणाले, आणि माझा आवाज फाटला. त्याची तिनं काही दखल घेतली नाही. मुलांना मोठ्यांच्या रडण्यात फारसा रस नसतो, त्यांचं काम अजून संपलेलं नसतं.

"तिला कळलं होतं का?" मोनानं विचारलं. "की तो तोच पेपर आहे ते. थेआला." या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. जिन्यात मी जे सांगितलं ते सगळं माझं होतं. माझं पाकीट, माझं नाही म्हणणं. माझ्या मुलीला मी त्या हिशेबाबाहेर ठेवलं होतं, आणि तिला बाहेरच ठेवायला एकच शब्द पुरणार होता. तो माझ्या जिभेवर आला. तळघरात आला होता तितक्याच सहज आला. नाही. तिला काही माहीत नव्हतं, बाळ. मग दोघी उद्या सकाळी एकत्र शाळेत गेल्या असत्या, आणि थेआ अर्धा पाऊल मागे चालली असती, शाळा संपेपर्यंत, आणि मग शाळा बदलली असती आणि तेवढं चालणंही संपलं असतं. एवी माझ्याकडे बघत होती. तिला उत्तर माहीत नव्हतं. ती फक्त बघत होती की मी काय करते. "होतं," मी म्हणाले. "परीक्षेनंतर तिनं मला सांगितलं, आणि मी तिला खोटं पाडलं."

मोनानं मान हलवली. बहुधा माझ्यापेक्षा तिला हे आधीपासून ठाऊक असावं. तिनं एवीच्या हातातला फॉर्म ओढून घेतला, वाचला, तीन दिवसांच्या तारखा बोटानं मोजल्या. "गणित आणि जर्मनच ना? परिसर नाही?" "नाही," एवी म्हणाली. "मग बघू," मोना म्हणाली, एखाद्या म्हाताऱ्या ग्राहकासारखी, आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही जा आता. आणि थेआला वर पाठवा. तिनं तिचं सांगू दे. तुमचं झालं."

मी खाली आले. थेआच्या खोलीचं दार ढकललं. ती पलंगावर पालथी पडून कसलंसं पुस्तक वाचत होती, निदान पान तरी उघडं होतं. "मोनानं बोलावलंय," मी म्हणाले. ती उठून बसली. "तू सांगितलंस?" "हो." "सगळं? बुटांचंही?" "बुटांचंही." तिनं एक लांब श्वास सोडला, पोहण्याच्या तलावात पाण्याखालून वर आल्यावर सोडते तसा. फेब्रुवारीपासून किती वेळ ती पाण्याखाली होती ते मला तेव्हा मोजता आलं. तिनं सपाता शोधल्या नाहीत. मोज्यांतच, होल्गरच्या "अगं, जेवायला" या हाकेकडे न बघता, बाहेर पळाली. मी दारात उभी राहून तिची पावलं ऐकली. पहिल्या दहा पायऱ्या ती धावत गेली. मग चालत. शेवटच्या चार फार हळू. मग वर सगळं शांत झालं, आणि मी दाराची मूठ धरून उभी राहिले. घंटा अजून वाजली नव्हती.